लाकूड म्हणजे न्किशी नव्हे

सौंदर्यशास्त्र शिकवताना काही उदाहरणे पाठ्यपुस्तकांतून कमी आणि तोंडातोंडी अधिक पुढे जातात. कलाकृतीची स्वायत्तता समजावून देण्याची वेळ आली की कोणीतरी आफ्रिकी शिल्पाकडे बोट दाखवतो. पाहा, या मूर्तीचा विषय आपल्याला ठाऊक नाही, तिचा उपयोग ठाऊक नाही, ती कोणी घडवली हेही ठाऊक नाही, आणि तरीही ती आपल्याला खिळवून ठेवते. तेव्हा जे खिळवते ते केवळ रूपच असले पाहिजे. युक्तिवाद आटोपशीर आहे. विद्यार्थी तो उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेतून तो आमच्याकडे परत येतो. आमचे म्हणणे असे की हा युक्तिवाद पाहणाऱ्याच्या अज्ञानाला प्रमाणाचा दर्जा देतो. मला ठाऊक नाही, म्हणून ते महत्त्वाचे नाही, असे त्याचे खरे स्वरूप आहे. आणि ज्या मूर्तींच्या आधारावर तो उभा केला जातो त्यांतील निदान एका परंपरेच्या बाबतीत, म्हणजे मध्य आफ्रिकेतील सोंग्ये लोकांच्या न्किशींच्या बाबतीत, तो पहिल्या पायरीवरच कोसळतो.

सोंग्ये हे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय-मध्य भागातले बांतूभाषक लोक. लोमामी नदीच्या आसपासचा आणि पश्चिमेला सांकुरूपर्यंत पसरलेला त्यांचा मुलूख. दक्षिणेला लुबा, उत्तरेला तेतेला. त्यांच्यात काळेब्वे, एकी, बाला, तेंपा असे अनेक पोटगट आणि अनेक स्वतंत्र सरदारक्या. २०१५च्या प्रांतरचनेनंतर लोमामी नावाचा जो प्रांत झाला त्याची राजधानी काबिंदा, ते सोंग्यांचेच नगर. या लोकांच्या लाकडी मूर्तींना न्किशी म्हणतात, अनेकवचन मान्किशी. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. वितभर ते दीडदोन फुटांच्या लहान मूर्ती व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या असत आणि घरात राहत. मोठ्या, कधी तीन फुटांवर जाणाऱ्या मूर्ती साऱ्या गावाच्या असत. रोगराई, वांझपण, चेटूक, युद्ध, जमिनीवरचा हक्क अशा गावावर येणाऱ्या संकटांसाठी त्या घडवल्या जात. गावाच्या न्किशीला बहुधा सरदाराच्या घराजवळ स्वतंत्र झोपडी असे आणि सांभाळायला राखणदार असे. अमावास्येनंतर नवी चंद्रकोर दिसली की तिला बाहेर काढत, पाम तेल आणि बळीचे रक्त माखत. तिला थेट हात लावायचा नसे. म्हणून दंडांना लांब दांडे बांधून, त्या दांड्यांना धरून तिला नेले जाई. काही संग्रहालयांत हे दांडे अजून मूर्तीला जोडलेले दिसतात, आणि दालनात जाणाऱ्या प्रेक्षकाला ते बहुधा कुबड्यांसारखे वाटत असावेत.

येथवर जे सांगितले ते लाकडाविषयी. पण सोंग्यांच्या दृष्टीने लाकूड हा न्किशीचा अर्धा भागही नाही. शिल्पकाराने मूर्ती कोरून दिली की ती केवळ कोरीव लाकूड असते. तिला कोणी भीत नाही आणि तिच्याकडे कोणी काही मागत नाही. त्यानंतर न्गांगा येतो. हा विधींचा जाणकार, वैद्य आणि चेटकाचा प्रतिकार करणारा माणूस. तो तिच्या पोटातल्या पोकळीत, डोक्यावर बसवलेल्या शिंगात आणि क्वचित अन्य छिद्रांत बिशिंबा भरतो. बिशिंबा म्हणजे प्राण्यांचे, वनस्पतींचे, मातीचे आणि माणसाच्या शरीराचे अंश. बलवान आणि हिंस्र प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे, विशिष्ट ठिकाणची माती, केस, नखे. कशात काय मिसळायचे हे न्गांगाचे ज्ञान, आणि ते सर्वांना सांगण्याचे ज्ञान नव्हे. मग मूर्तीवर कातडी, पिसे, मणी, पितळी चुका, तांब्याच्या पट्ट्या आणि रॅफियाच्या पानांच्या धाग्यांचे वस्त्र चढते, आणि पूर्वजांच्या आत्मशक्तीशी बोलणारे एक साधन कामाला लागते. बिशिंबा काढून घेतले की ते काम संपते. जे उरते ते पुन्हा लाकूड.

तेव्हा विचारावेसे वाटते की युरोप-अमेरिकेच्या दालनांत आपण पाहतो आहोत ते नेमके काय? त्यांतल्या कितीतरी मूर्तींची पोटे रिकामी आहेत. काहींचे बिशिंबा विकण्यापूर्वी गावकऱ्यांनीच काढून घेतले असतील, आणि तसे असेल तर तो व्यवहार समजण्यासारखा आहे : त्यांनी परक्याला लाकूड दिले, न्किशी दिली नाही. पण पुढची गोष्ट अशी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विक्रेत्यांनी आणि संग्राहकांनी आफ्रिकी मूर्तींवरची पिसे, चिंध्या, कातडी, तेलारक्ताची पुटे काढून टाकली, लाकूड घासूनपुसून चकचकीत केले, कारण गिऱ्हाइकाला 'शिल्प' हवे होते. म्हणजे आधी रूप सोडून बाकीचे सारे खरवडून काढायचे आणि मग उरलेल्या रूपाकडे पाहून म्हणायचे की येथे रूपावाचून दुसरे काही नाहीच! आमच्या साहित्याच्या क्षेत्रात कोणी पोथीची पाने फाडून टाकली आणि लाकडी पाट्यांवरच्या नक्षीवर प्रबंध लिहिला तर आपण त्याला रूपवादी म्हणणार नाही. आपण त्याच्यासाठी दुसरा शब्द शोधू.

या युक्तिवादाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. क्लाइव्ह बेलचे 'आर्ट' १९१४चे. कार्ल आइनस्टाइनचे आफ्रिकी शिल्पावरचे जर्मन पुस्तक 'नेगरप्लास्टिक' १९१५चे. त्यात छायाचित्रे भरपूर आणि त्यांखाली ठिकाण, लोक, उपयोग यांतले काहीही छापलेले नाही. आणि रॉजर फ्रायचा आफ्रिकी शिल्पावरचा निबंध १९२०चा, त्याच वर्षीच्या 'व्हिजन अँड डिझाइन'मध्ये समाविष्ट. फ्रायच्या निबंधाचा पूर्वार्ध आमच्या अध्यापनात पुन्हा पुन्हा येतो : आफ्रिकी शिल्पकाराला त्रिमितीची जी जाण आहे ती युरोपीय शिल्पकारालाही क्वचित लाभते, असे तो म्हणतो. उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. तेथे तो असे विचारतो की इतके थोर कलावंत निर्माण करणाऱ्या लोकांनी थोर संस्कृती का घडवली नाही, आणि उत्तर देतो की त्यांच्याजवळ जाणीवपूर्वक चिकित्सा करणारी बुद्धी नव्हती, तुलना आणि वर्गीकरण करण्याची शक्ती नव्हती. आता बिशिंबांकडे पाहा. कोणत्या संकटाला कोणता प्राणी, कोणती वनस्पती, कुठली माती. काय पोटात आणि काय शिंगात. कोणते लाकूड औषधी आणि कोणते विषारी. ही सारी तुलना आणि सारे वर्गीकरण मूर्तीच्या पोटात होते. फ्रायच्या सौंदर्यदृष्टीने आधी ते बाजूला सारले, आणि मग ते सापडत नाही अशी तक्रार केली. स्तुती आणि अवहेलना येथे एकाच वाक्याच्या दोन बाजू आहेत, आणि पहिली बाजू शिकवणाऱ्याने दुसरीची जबाबदारी झटकता येणार नाही.

मराठीत हे प्रकरण केवळ उसने नाही. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयींवर वाढलेल्या समीक्षेला बेल आणि फ्राय यांची जवळीक नेहमीच सुखद वाटली आहे, आणि रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची जी सविस्तर उलटतपासणी केली ती वाचल्यावरही वर्गात मात्र अलौकिकतावादाचेच उदाहरण आफ्रिकेतून आणले जाते. मर्ढेकरांची लयमीमांसा त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. तिला पुरावा म्हणून जी साक्ष उभी केली जाते ती साक्ष देत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता नावाचा प्रश्न. या मूर्तींना दीर्घकाळ 'फेटिश' म्हटले गेले. हा शब्द पोर्तुगीज 'फेइतिसो'वरून आला आणि त्याच्या मुळाशी 'घडवलेले, कृत्रिम' असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. विल्यम पीट्झ यांनी १९८०च्या दशकातल्या लेखमालेत दाखवले आहे की ही कल्पना ना आफ्रिकेची ना शुद्ध युरोपची. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारासाठी परस्परांना भेटलेल्या लोकांमधल्या गैरसमजुतीत ती जन्मली. सोन्याची किंमत आम्हांला कळते आणि हे लोक क्षुद्र वस्तूंना किंमत देतात, असे व्यापाऱ्यांना वाटले. १७६०मध्ये शार्ल द ब्रॉसने त्या कल्पनेला धर्माच्या आदिम अवस्थेचे नाव करून टाकले; १८६७मध्ये मार्क्सने तीच कल्पना उलटवून युरोपच्या क्रयवस्तूंवर रोखली; १९२७मध्ये फ्रॉइडने तिला शय्यागृहात नेले. मराठी विद्यार्थी हा शब्द मार्क्स आणि फ्रॉइड यांच्याकडून शिकतो, आणि त्याखाली दबलेला आफ्रिकी माणूस त्याला दिसतच नाही. वास्तविक हा शब्द आपल्या दाराशीही येऊन गेला आहे. १५१०मध्ये गोवा घेणारे तेच पोर्तुगीज, आणि १५६०मध्ये तेथे स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या कक्षेतल्या गुन्ह्यांत 'फेइतिसारिया', म्हणजे जादूटोणा, हा एक गुन्हा होताच. ज्यांच्या देवघरातल्या वस्तूंवर हा शब्द ठेवला गेला, त्यांच्याच वंशजांनी तो काँगोतल्या लोकांवर निर्विकारपणे ठेवावा, यात निदान थोडे चपापायला हवे.

अलीकडे संग्रहालयांच्या पाट्यांवरून 'फेटिश' गेले आणि त्याजागी 'शक्तिमूर्ती' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. हेतू चांगला. पण मराठीत त्याचे सरळ भाषांतर केले की दोन्ही पायांना काटे बोचतात. आपल्याकडे 'शक्ती' म्हटले की देवी उभी राहते. 'मूर्ती' म्हटले की पूजा. न्किशी देव नाही. सोंग्यांचा परमेश्वर एफिले मुकुलू निराळा, आणि त्याची मूर्ती कोरली जात नाही. न्किशी पूर्वजांच्या शक्तीशी मध्यस्थी करते, ठरवून दिलेले काम करते, आणि ते करण्यासाठी तिला खाऊपिऊ घातले जाते. कोणी म्हणेल, मग ही आपली प्राणप्रतिष्ठाच झाली. साम्य आहे, आणि ते पहिल्यांदा लक्षात आले की कोणालाही आनंद होईल. पण प्राणप्रतिष्ठेत मंत्राने आवाहन केलेली देवता मूर्तीपूर्वी असतेच आणि मूर्तीनंतरही असते. न्किशीचे सामर्थ्य द्रव्यांच्या त्या विशिष्ट जुळणीत आहे, ते वाढवता येते, कमी होते, आणि ते निष्प्रभ ठरले तर दुसरी न्किशी करवून घेतली जाते. येथे भक्ती नाही, व्यवहार आहे, आणि व्यवहार हा शब्द आम्ही कमीपणाने वापरत नाही. दूरच्या गोष्टीला घरचे नाव देऊन आपलीशी करणे ही आमच्या तुलनात्मक साहित्याभ्यासाची जुनी खोड आहे. म्हणून न्किशीला न्किशीच म्हणावे. मराठीने याहून परके शब्द पचवले आहेत.

त्याच आळसातून आणखी एक गल्लत होते. 'खिळे ठोकलेल्या आफ्रिकी मूर्ती' म्हणून जी चित्रे फिरतात ती बहुधा अटलांटिक किनाऱ्याजवळच्या कोंगो लोकांच्या न्किसींची असतात. शब्द सगोत्र आहे, वस्तू वेगळी. तेथे प्रत्येक खिळा किंवा पाते ही एक घातलेली शपथ वा जागवलेला सूड असतो. सोंग्यांच्या मूर्तीवरच्या चुका आणि तांब्याच्या पट्ट्या यांचे काम निराळे. धातूचा संबंध विजेशी आणि चेटूक परतवण्याशी जोडला जातो. ड्युन्या हर्साक यांनी १९७०च्या दशकात सोंग्ये प्रदेशात राहून जे संशोधन केले आणि १९८६मध्ये पुस्तकरूपाने मांडले, ते उपलब्ध असताना दोघांची एकच मोळी बांधण्याला सबब उरत नाही. दोन्ही मुलुखांमध्ये हजाराहून अधिक किलोमीटर अंतर आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. पाटीवर लिहिलेले असते, 'अज्ञात कलावंत'. रोलाँ बार्थने १९६७मध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिल्यापासून आमच्या विभागांत निनावीपणाला एक प्रकारची प्रतिष्ठा आली आहे, त्यामुळे ही पाटी वाचून कोणाला काही खटकत नाही. पण येथे लेखक मेलेला नाही. नेणाऱ्याने त्याचे नाव विचारले नाही. नाव नसणे हा त्या समाजाचा स्वभाव नसून संग्राहकाची हयगय आहे. गावाच्या न्किशींना तर स्वतःची नावे असत, आणि त्यांच्या पराक्रमांची आठवण ठेवली जाई. आणि समजा नाव विचारले असते, तर कोणाचे सांगितले गेले असते? शिल्पकाराचे नव्हे. सोंग्यांच्या लेखी न्किशीचा कर्ता न्गांगा. कोरणारा हा त्याला साहाय्य करणारा. म्हणजे पाटीवरचे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. तो अज्ञात नव्हता आणि आपण ज्याला कलावंत समजून शोधतो आहोत तो कर्ता नव्हता. संहितेचा कर्ता कोण, असा प्रश्न आपण महानुभावांच्या लीळांपासून लोकगीतांपर्यंत विचारतो. लाकूड आणि बिशिंबा या दोन हातांच्या संहितेविषयी विचारायला काय हरकत आहे?

येथे प्रतिपक्ष अॅलन मेरिअमला पुढे करील, आणि ती साक्ष वजनदार आहे. मेरिअमने १९५९-६०मध्ये लुपुपा न्ग्ये या सोंग्ये खेड्यात राहून अभ्यास केला. त्याचे 'द अँथ्रॉपॉलॉजी ऑफ म्युझिक' (१९६४) हे पुस्तक संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यात तो असा निष्कर्ष काढतो की पाश्चात्त्य अर्थाने ज्याला सौंदर्यवृत्ती म्हणतात, म्हणजे वस्तूला तिच्या संदर्भातून अलग करून दूर अंतरावरून न्याहाळणे, रूपासाठी रूपाशी खेळणे, ती या लोकांत आढळत नाही. काहींनी यावरून सोंग्यांना सौंदर्यदृष्टीच नाही असे अनुमान केले. आम्हांला हे अनुमान उफराटे वाटते. पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्राने आपल्या काही सवयींना सौंदर्यदृष्टी असे सार्वत्रिक नाव दिले आणि मेरिअमच्या प्रामाणिक निरीक्षणाने ते नाव किती स्थानिक आहे हे उघड केले, असे त्याचे वाचन का करू नये? मेरिअमचा दाखला खरे तर रूपवाद्यांच्याच विरुद्ध जातो. ज्यांच्याजवळ 'शुद्ध रूप' ही कल्पनाच नाही त्यांनी घडवलेली वस्तू शुद्ध रूपाचा परमोच्च नमुना ठरावी, हा योगायोग फार सोयीचा आहे.

मग रूपाचे काय? ते आहे, आणि थोर आहे. सोंग्ये न्किशी एकदा पाहिली की विसरत नाही. शरीराच्या मानाने मोठे डोके, चौकोनी जबडा, इंग्रजी आठाचा आकडा आडवा ठेवावा तसे पुढे आलेले तोंड, लांब मान, काटकोनी खांदे, फुगीर पोटाच्या दोन्ही बाजूंना टेकलेले हात, भलीमोठी पावले आणि खाली गोल बैठक. मर्ढेकरी परिभाषेत येथे विरोधलय दाखवता येईल. डोक्याचे कोन आणि पोटाची वाटोळी. पण तेथेच थांबले तर सगळ्यांत सुंदर गोष्ट हातची निसटते. ते हात पोटावर का आहेत? कारण पोटात काही आहे. फुगीर पोट हे पात्र आहे, आणि दोन्ही तळवे त्या पात्राच्या कडेला आहेत. भरलेली घागर धरावी तसे. डोक्यावर शिंग आहे म्हणून डोके ते पेलण्याइतके मोठे आणि माथा सपाट किंवा खोलगट. कमरेखालचा भाग कातड्याने वा वस्त्राने झाकला जायचा म्हणून अनेकदा तेथली कोरणी संक्षिप्त. मोठी न्किशी सामान्य माणूस जवळून क्वचितच पाही. तिचे ठसठशीत पृष्ठभाग लांबून, नव्या चंद्राच्या रात्री दिसायचे आहेत, काचेच्या पेटीत नाकापुढे नव्हे. हनुवटीवरची दाढी आणि अंगावरची कातडी सरदाराचा आणि शिकाऱ्याचा मान सांगतात. प्रत्येक वळण बिशिंबांना जागा करून देते. संदर्भ दूर केला की रूप अधिक उजळते, असे आम्हांला शिकवले गेले; न्किशीच्या बाबतीत संदर्भ दूर केला की रूप दुर्बोध होते, आणि मग त्या दुर्बोधतेलाच आपण गूढता म्हणतो. फ्रांस्वा नेइट यांच्या २००४च्या सोंग्ये शिल्पावरील भव्य ग्रंथाच्या शीर्षकातही 'भयप्रद' या अर्थाचे विशेषण आहे. भय कोणाला? चेटूक करणाऱ्याला असेल. ज्या बाईच्या मुलासाठी ती घडवली तिला नसावे.

आमच्या बाजूच्या मंडळींनाही येथे एक गोष्ट ऐकवली पाहिजे. रूपवाद सोडून जे अर्थाकडे वळतात ते लगेच 'प्रतीक' हा शब्द उच्चारतात. शिंग हे सामर्थ्याचे प्रतीक, नख हे हिंस्रतेचे प्रतीक, माती हे मुळांचे प्रतीक. कविता शिकवून शिकवून आमची ही नजर झाली आहे. पण न्गांगा बिबट्याचे नख घालतो तेव्हा ते नख बिबट्याच्या ऐवजी नाही. ते बिबट्याचे आहे. वैद्याच्या काढ्यातली सुंठ उष्णतेचे प्रतीक नसते. पश्चिमेकडच्या कोंगो न्किसींच्या बाबतीत वायट मॅकगॅफी यांनी दाखवले आहे की द्रव्यांची निवड कित्येकदा त्यांच्या नावातल्या श्लेषावरून होते. तेथे भाषा आणि द्रव्य एकत्र काम करतात. श्लेष म्हटले की आम्हां साहित्यवाल्यांचे कान टवकारतात हे खरे, पण तेथेही श्लेषाचा उद्देश चमत्कृती नसून परिणाम आहे. आल्फ्रेड जेलने 'आर्ट अँड एजन्सी'त (१९९८) कलावस्तूकडे अर्थ वाहणारी म्हणून न पाहता कृती घडवणारी म्हणून पाहावे असे सुचवले, आणि त्यासाठी त्याला खिळ्यांची कोंगो मूर्ती घ्यावीशी वाटली. आमच्या अभ्यासक्रमात सिद्धान्तांची एवढी गर्दी असताना जेल क्वचित भेटतो.

या मूर्ती परदेशी पोचल्या कशा, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या सौंदर्यावर बोलणे आम्हांला अप्रशस्त वाटते. हेर्मान फोन व्हिसमान १८८०च्या दशकाच्या आरंभी या मुलुखातून गेला तेव्हा त्याने सोंग्यांची लांबच लांब, गजबजलेली गावे पाहिली; काही वर्षांनी परतला तेव्हा गुलामांच्या व्यापाराने आणि छाप्यांनी ती उजाड झालेली होती. १८८५ ते १९०८ हा प्रदेश बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता होता, त्यानंतर १९६०पर्यंत बेल्जियमची वसाहत. येथील इतिहासात निष्पाप आणि दुष्ट यांची सोपी वाटणी नाही. न्गोंगो लुतेतेसारखा बलाढ्य नायक आधी स्वाहिली-अरब व्यापाऱ्यांबरोबर होता, मग लिओपोल्डच्या राज्याबरोबर गेला, आणि १८९३मध्ये त्याच राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला ठार केले. न्सापो-न्सापो हा सोंग्यांचाच एक गट राज्याच्या वतीने खंडणी वसूल करी. १८९९मध्ये विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने त्यांच्या छावणीत धुरी देऊन ठेवलेले माणसांचे ८१ उजवे हात मोजले. पुढे याच गटातले कोरक्ये युरोपीय गिऱ्हाइकांसाठी मूर्ती कोरू लागले. हिंसा आणि बाजार यांमधले अंतर किती थोडे होते, हे यावरून दिसावे. काही मान्किशी मिशनऱ्यांनी जाळविल्या, काही अधिकाऱ्यांनी नेल्या, काही विकल्या गेल्या. ब्रुसेल्सजवळच्या टेर्व्हुरेन येथील संग्रहालयाचे मूळ १८९७च्या प्रदर्शनात आहे. त्या वेळी २६७ काँगोली माणसे तेथे पाहण्यासाठी मांडली होती आणि त्यांतली सात मरण पावली. आज त्या संग्रहालयात मानवशास्त्रीय वस्तू सव्वा लाखाच्या आसपास आहेत.

जून २०२२मध्ये दोन गोष्टी घडल्या. राजा फिलिपने किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुकू लोकांचा काकुंगू हा प्रचंड मुखवटा सुपूर्द केला; परत केला नाही, अनिश्चित काळासाठी उसना दिला. आणि त्याच महिन्यात बेल्जियमने पात्रीस लुमुंबा यांचा एक दात त्यांच्या कुटुंबीयांच्या स्वाधीन केला. लुमुंबा तेतेला, म्हणजे सोंग्यांचे शेजारी. जानेवारी १९६१मध्ये त्यांची हत्या झाली, प्रेत आम्लात विरघळवण्यात आले, आणि ते काम करणाऱ्या बेल्जियन पोलिसाने एक दात स्वतःजवळ ठेवला. एकसष्ट वर्षांनी तो दात शवपेटीत ठेवून विमानाने नेला गेला, देशभर फिरवला गेला, आणि ३० जूनला किन्शासात समाधिस्थ झाला. राज्यप्रमुख उभे राहिले. त्या दाताला कोणी प्रतीक म्हटले असेल, पण रिकामी पेटी पाठवून प्रतीकाचे काम भागले नसते, हे दोन्ही देशांना ठाऊक होते. दातच हवा होता. माणसाच्या शरीराचा एक कण, एका पात्रात, त्याच्याभोवती विधी, आणि त्या विधीकडून एका समाजाची काही मागणी. यात ब्रुसेल्सला काही आदिम दिसले नाही. बिशिंबा समजायला याहून अधिक काय लागते?

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बेल्जियमने वसाहतकाळातील वस्तू परत देण्याची तरतूद करणारा कायदा केला. त्यावर बोलताना एक युक्तिवाद वारंवार कानी येतो : या मूर्तींचे आता तेथे काम उरलेले नाही, लोक ख्रिस्ती झाले, न्गांगा राहिले नाहीत, मग परत देऊन उपयोग काय? गंमत अशी की हाच पक्ष इतकी वर्षे सांगत होता, मूर्तीचा उपयोग गौण आहे, महत्त्व रूपाचे. उपयोगाशी कर्तव्य नसेल तर उपयोग संपल्याची सबब सांगता येणार नाही. आणि उपयोगाशी कर्तव्य असेल, तर पोट रिकामे करून घेतलेल्या वस्तूचे काय करायचे हे काबिंदाच्या लोकांना ठरवू द्यावे. ते तिच्यात पुन्हा काही भरतील, शाळेत ठेवतील किंवा कुजू देतील. अमेरिकेतल्या काही संग्रहालयांनी अशा मूर्तींचे सीटी स्कॅन करवून आतल्या पोकळ्या आणि द्रव्ये पाहिली. शास्त्रीय कुतूहलाला आमचा विरोध नाही. तरीही न्गांगाने जे झाकले ते यंत्राने उघडे करताना ज्यांचे ते गुपित त्यांना विचारले होते का, हा प्रश्न स्कॅनच्या अहवालाइतकाच संशोधनाचा भाग आहे.

आमची मागणी फार मोठी नाही. पुढच्या सत्रापासून रूपवादाच्या प्रकरणासोबत न्किशीचे छायाचित्र दाखवायचे असेल तर जरूर दाखवावे. मात्र त्याखाली 'आफ्रिकी शिल्प, अज्ञात कलावंत' असे न लिहिता इतके तरी लिहावे : न्किशी, सोंग्ये, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, लाकडी भाग, बिशिंबा काढून टाकलेले किंवा आत शिल्लक, जे असेल ते, न्गांगा आणि कोरक्या यांची नावे नेणाऱ्याने नोंदवलेली नाहीत. आणि विद्यार्थ्यांनी त्यावर प्रश्न विचारले तर तास संपेपर्यंत रूपवादाचे प्रकरण पुरे झाले नाही तरी चालेल.